तांदळावरून

भिंग कपाटात नव्हतं.

गुरुवारची प्रार्थना नुकतीच संपली होती. मी नेहमीप्रमाणे किल्लीनं कुलूप काढलं, कपाट उघडलं आणि तिथंच उभा राहिलो. ज्या निळ्या फडक्यात भिंग गुंडाळून ठेवत होतो ते फडकं नीट घडी घालून जागेवर होतं. आत काही नव्हतं. तळहाताएवढं, पितळी कड्याचं ते भिंग मी विज्ञान प्रदर्शनासाठी तालुक्याहून सही करून आणलं होतं.

"काय झालं, गुरुजी?" नलूनं विचारलं. नलू माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती. शाळेत ती मला गुरुजी म्हणायची आणि घरी अण्णा. यात तिची कधी चूक झाली नाही.

"भिंग दिसत नाही," मी म्हणालो.

हे मोठ्यानं बोलायला नको होतं. चौथी ते सातवी मिळून वर्गात तेवीस मुलं होती. त्यातल्या बावीस माना एकाच बाजूला वळल्या. दाराजवळच्या गोणपाटावर टिटवी बसली होती.

टिटवी हरण्या काळेची मुलगी. फासेपारध्यांची पाच पालं दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेरच्या माळावर उतरली होती. हरण्या फास लावून लावे आणि तितर धरायचा, बाजाराच्या दिवशी विकायचा. मीच माळावर जाऊन त्याच्याकडून पोर मागून घेतली होती. तो उकिडवा बसून बराच वेळ गवताची एक काडी मोडत राहिला.

"न्या," शेवटी तो म्हणाला. "पन एक वचन द्या, गुर्जी. तितं कायबी हरवलं, सुई जरी हरवली, तरी आदी मला सांगायचं. मी हुडकून देतो. पोलिसाच्या कानावर नगा घालू."

मी वचन दिलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू मी काय दिलं ते मलाच कळलं नव्हतं.

गावाला पटवणं अवघड गेलं. शेवटी शाळेतल्या पाण्याच्या रांजणावर येऊन तडजोड झाली. टिटवीनं रांजणाला आणि पाणी काढायच्या ओगराळ्याला हात लावायचा नाही. दुसरं कोणीतरी वरून पाणी ओतेल, ती ओंजळीनं पिईल. चौथीतली कौशी ते काम आनंदानं करायची आणि मुद्दाम थोडं पाणी टिटवीच्या नाकावर सांडायची, मग दोघी खिदळायच्या. तडजोड मीच सुचवली होती. पोर शाळेत आली होती, मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

तीन महिन्यांत ती वाचायला शिकली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पाढ्यांत अडखळायची. पण एके दिवशी तिनं फडक्यात बांधून लाव्याची पिसं आणली आणि भिंगाखाली धरली. पिसाच्या केसांना बारीक आकडे असतात, एक दुसऱ्यात अडकतो, म्हणून पीस विस्कटलं तरी पाखरानं चोचीनं विंचरलं की पुन्हा जुळतं, हे तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं. मुलांनी विचारलं, कशावरून? तिनं पीस मधोमध फाडलं, सुटलेले आकडे दाखवले, दोन बोटांत धरून ओढलं, आणि जुळलेलं पीस परत भिंगाखाली ठेवलं.

"असं बघणं शिकवून येत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी विस्तार अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. ते शनिवारी शाळेत येणार होते. त्यांना पिसाचा प्रयोग पटला की मुलींच्या वसतिगृहात टिटवीची जागा पक्की होती. नाही पटला तर होळी झाली की पालं उठणार आणि तिची शाळा तिथंच संपणार. होळीला नऊ दिवस उरले होते, आणि भिंग गेलं होतं.

कशावरून हा माझ्या वर्गाचा शब्द होता. कोणीही काही सांगितलं की बाकीच्यांनी कशावरून म्हणून विचारायचं. पाहिलं म्हणून, मोजलं म्हणून, करून बघितलं म्हणून, अशी कुठलीही उत्तरं चालायची. एकच उत्तर चालत नव्हतं, 'गुरुजी सांगतात म्हणून'. ते देणाऱ्याला मी वर्गात उभं करायचो आणि सगळे हसायचे. कौशीला या शब्दाचं इतकं वेड की आई म्हणाली भाकरी झाली, तरी ती कशावरून म्हणायची आणि मार खायची.

आज मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. संध्याकाळी गल्लीतली चार-पाच मुलं ओट्यावर शिकायला येतात. पाटी काढण्याआधी मी प्रत्येकाला भांडंभर पाणी पाजतो. त्यांच्या आया म्हणतात, म्हातारबुवांची खोड आहे.

त्या गुरुवारी मधल्या सुट्टीपर्यंत भिंगाची बातमी गावभर झाली. दोन-तीन आया कुंपणापाशी येऊन आपापल्या पोरांशी काही बोलून गेल्या. मी खिडकीशी उभा राहून काय करावं याचा विचार करत होतो. फाल्गुनातलं ऊन होतं. मुलं भाकरी खाऊन रांजणाभोवती जमली होती, एकमेकांच्या हातातलं ओगराळं ओढत होती. टिटवी थोडी अलीकडे ओंजळ करून उभी होती. मग मी घंटा द्यायला सांगितली.

घंटेबरोबरच पोलीस पाटील आले. नामदेव पाटील. त्यांनी माझी खुर्ची ओढून घेतली आणि वर्गाच्या तोंडाशी बसले.

"पारध्याचं प्वार शाळंत घिऊ नका म्हनलं हुतं का न्हाय मी? आता कोतवालाला लावतो चौकीवर. हवालदार आला म्हंजे भिंग बी घावंल आनि मागच्या सालचं माजं बोकडबी."

मी त्यांना थांबवलं. मला अर्धा तास द्या, म्हणालो. चोर कोण ते मी पुराव्यानं दाखवतो, आणि तो पुरावा तुम्हालाही मान्य करावा लागेल.

टिटवीनं भिंग घेतलं नाही याची मला खात्री होती. पण माझी खात्री गावाच्या काय कामाची? ती सर्वांदेखत, पुराव्यानं सुटली असती तर पुन्हा कोणाची बोट दाखवायची छाती झाली नसती. माझ्याजवळ तसा उपाय होता.

महिन्यापूर्वी देवळातली घंटा हरवली तेव्हा गावातल्या सिदूबुवानं संशयितांना मंतरलेले तांदूळ चावायला दिले होते. ज्याचे तांदूळ कोरडे राहिले तोच चोर निघाला. घंटा त्याच्या कडब्यात सापडली. मुलं दुसऱ्या दिवशी मंत्राच्याच गोष्टी सांगत होती. तेव्हा मी वर्गात तांदूळ आणले. मंत्रबिंत्र काही नसतं, म्हणालो. माणूस घाबरला की त्याची थुंकी आटते, थुंकी आटली की तांदूळ भिजत नाहीत. उलट चिंचेचं नुसतं नाव काढा, बघा तोंडाला कसं पाणी सुटतं. सगळ्यांच्या तोंडाला सुटलं. नलूनं हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून त्याखाली पट्टीनं रेघ मारली होती.

मी घरून तांदूळ मागवले. नलूच पळत जाऊन घेऊन आली. जुन्या वहीचे तेवीस कागद फाडले, प्रत्येकावर नाव लिहिलं, चिमूट चिमूट तांदूळ ठेवले. मी पन्नास मोजेपर्यंत चावायचे आणि आपल्या कागदावर टाकायचे. संपेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही.

"ह्ये तर आमच्या बुवाचंच काम की," पाटील म्हणाले.

मी त्यांना थुंकीचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंतर नसंल तर नसू द्या. चोर घावला म्हंजे झालं."

टिटवीनं हात वर केला. हात वर करून बोलायचं हे तिला मीच शिकवलं होतं.

"गुर्जी, आदी घोटभर पानी पिऊ?"

"नाही," मी म्हणालो. "सगळ्यांना सारखी अट."

पाटील हसले. "हुशार हाय. तांदूळ भिजवाया बघती."

मला आठवतं, त्याच क्षणी माझ्याही मनात आलं की पाटील म्हणतात त्यात तथ्य आहे. बाकी बावीस जणांना पाणी नको आहे, हिलाच का हवं?

मी मोजायला सुरुवात केली. खोलीत जात्यासारखा कराकरा आवाज होत होता. पन्नासला सगळ्यांनी कागदावर तांदूळ टाकले आणि मी एकेकाच्या पुढून फिरलो. ओले. ओले. कौशीचे अर्धे गिळलेले, बाकीचे ओले. नलूचे तर बाळाला भरवावेत असे मऊ, दुधाळ झाले होते. टिटवीला ते तोंडातून काढताच येत नव्हते. तिनं बोट घालून काढले. कागदावर पांढरा भुगा पडला, त्यात काही दाणे अख्खे होते, आणि तिला खोकल्याची उबळ आली तशी पिठासारखी भुकटी उडाली.

पाटील खुर्चीतून उठून वाकले, कागदाकडे बघून परत बसले.

मी मुलांना नेहमी सांगत आलो होतो की पुरावा आपल्या आवडत्या माणसाविरुद्ध गेला तरी पुरावाच मानायचा. आता माझीच पाळी होती. मला वाईट वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याखाली एक समाधानही होतं, की मी डगमगलो नाही.

"टिटवे," मी म्हणालो, "भिंग कुठं आहे?"

"म्या न्हाय घेटलं, गुर्जी."

"तूच घेतलंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठांवर तांदळाची पूड होती.

"कशावरून, गुर्जी?"

वर्गात पहिल्यांदाच तो शब्द विचारताना तिचा आवाज कापला.

"तांदळावरून," मी म्हणालो.

पाटलांनी कोतवालाला चौकीवर पाठवलं. मी त्यांना म्हणालो की आधी तिच्या बापाला कळवायला हवं, मी तसा शब्द दिला आहे. हवालदार सांगतील की त्याला, ते म्हणाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. विज्ञानाचा तास सुरू व्हायची वेळ झाली होती. टिटवीला मी बाहेर लिंबाखाली बसायला सांगितलं आणि तास सुरू केला.

फळ्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. चोराला भीती वाटते. भीतीनं तोंड कोरडं पडतं. टिटवीचं तोंड कोरडं पडलं. म्हणून, असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आणि वर्गाकडे वळलो. शेवटची ओळ मुलांनीच पुरी करायची, ही माझी शिकवायची पद्धत होती. मुलांनी ती एका सुरात पुरी केली. लिंब खिडकीपासून दहा पावलांवर होता.

तिसऱ्या प्रहरी दोन पोलीस माळावरून परत जाताना शाळेवरून गेले. हरण्याचे हात दोरीनं बांधून दोरीचं टोक सायकलच्या कॅरिअरला अडकवलं होतं. पोलीस सायकल हळू चालवत होता, हरण्या मागून पळत होता. पोलीस शाळेच्या फाटकापाशी पाटलांशी बोलायला उतरला, तेवढा वेळ हरण्या थांबला. त्याचा एक डोळा मिटलेला होता.

"आदी मला सांगनार हुता, गुर्जी," तो म्हणाला. ओरडला नाही. बाजारात भाव विचारावा तसं म्हणाला.

सायकल निघाली. टिटवी लिंबाखालून उठली. रांजण वाटेतच होता. ती त्याच्यापुढे थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं, ओगराळं कडेवर उलटं लटकत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हात लावला नाही, आणि बापाच्या मागे पळत गेली.

शुक्रवारी सकाळी मी माळावर गेलो. पालं नव्हती. चुलींचे तीन तीन दगड होते, फुटलेली मडकी होती, एक फाटकी गोधडी काट्याला अडकली होती. पोलिसांनी झडती चांगलीच घेतली होती. भिंग कुठंच सापडलं नव्हतं. एका चुलीमागे दगडाखाली दाबून ठेवलेलं फडकं मला मिळालं. त्यात लाव्याची पिसं होती, आकारानुसार लावलेली. शनिवारची तयारी.

पाटील म्हणाले, माराला भिऊन पळाली, ह्यांचं असंच असतं. हरण्या चौकीतच होता. आठ दिवसांनी सुटला म्हणतात. पाय धड राहिला नव्हता म्हणतात. मी विचारायला गेलो नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो. नलूची आई देवळात गेली होती. नलू समोर येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले, वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तशी.

"अण्णा, तुमच्या प्रयोगात चूक होती," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. तिनं मागचा हात पुढे केला आणि उघड्या वहीवर भिंग ठेवलं. त्याखालची अक्षरं एकदम मोठी झाली.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. कपाटाची किल्ली घरात खुंटीवर असते. गुरुवारी सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा ती शाळेत जाऊन आली. तिला ते ठेवून घ्यायचं नव्हतं. शनिवार निघून गेला की परत ठेवणार होती.

"मग तुम्ही तांदूळ काढलेत," ती म्हणाली.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. तांदूळ आणायला घरी आले तेव्हा चिंचेचं बुटूक गालात धरलं. भीती वाटली तरी थुंकी सुटली की झालं. तुम्हीच सांगितलं होतं."

तिला ते उत्तर अपुरं वाटत असावं, कारण ती पुढे बोलायला लागली.

"तिचे तांदूळ भीतीनं कोरडे नव्हते राहिले. म्हणजे भीती असेल, पण ती सकाळपासून पाणीच प्याली नव्हती. कौशीला तिच्या आईनं सांगितलं होतं, आज ओतायचं नाही. आम्ही सगळे पाणी पिऊन बसलो होतो." मग ती थोडी थांबली. "तुम्ही खिडकीत उभे होता की, अण्णा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

आत चुलीवर काहीतरी उकळत होतं.

"आणि कुलूप तुटलं नव्हतं," नलू म्हणाली. "मला वाटलं तुम्ही आधी तेच विचाराल. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं."

"का केलंस हे?"

या एका प्रश्नाला तिला वेळ लागला. पायाच्या अंगठ्यानं ती जमिनीचं शेण उकरत होती, आणि तेवढ्यापुरती ती बारा वर्षांची दिसली.

"मला तुम्ही कधी म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "असं बघणं शिकवून येत नाही, म्हणून."

मी तिला मारलं नाही. मी आयुष्यात कोणत्याही मुलावर हात उगारलेला नाही. मी तिला शेजारी बसवलं आणि आता काय करायचं याचा दोघांनी मिळून नीट विचार केला, जसा मी वर्गात करायला शिकवायचो.

पालं कुठं गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. खरं सांगून टिटवी परत येणार नव्हती. हरण्याला मार बसायचा तो बसलेला होता, तो अंगावरून काढता येत नव्हता. खरं सांगितलं तर एका मुलीला जन्मभर चोर म्हणतील, आणि ती मुलगी इथंच राहणार होती. मास्तरावरचा विश्वास उडाला तर बाकीच्या पोरांची शाळा सुटली असती. म्हणजे सांगून कोणाचंच भलं नव्हतं आणि न सांगून कोणाचं नव्यानं वाईट होत नव्हतं. मी एकेक पायरी मोठ्यानं बोलत होतो. नलू गणित तपासावं तशी प्रत्येक पायरीवर मान हलवत होती. एकाही पायरीत तिला चूक सापडली नाही, मलाही नाही.

"मग ते मिळालं कुठं म्हणायचं?" तिनं विचारलं.

शनिवारी सकाळी विस्तार अधिकारी आले. मोटारसायकलवरची धूळ झटकली, खुर्चीत बसले आणि पिशवीतून वसतिगृहाचा छापील अर्ज काढला. नावाची जागा कोरी होती.

"ती पारध्याची मुलगी कोणती?"

मी सांगितलं, ती गेली. भिंग चोरीला गेलं होतं, ते काल मला माळावर चुलीच्या दगडांपाशी मिळालं. पालं पहाटेच उठली होती.

"नशीब, टाकून तरी गेले," साहेब म्हणाले. "तुम्ही फार जीव लावता, गुरुजी. या लोकांचं हे असंच." त्यांनी अर्जाची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. इतकं लांब आलोय तर प्रयोग तरी बघू, म्हणाले.

प्रयोग नलूनं केला. मी फडक्यातलं सगळ्यात मोठं पीस तिला दिलं. तिनं ते मधोमध फाडलं, भिंगाखाली आकडे दाखवले, दोन बोटांत धरून जुळवलं, परत दाखवलं. एक शब्द चुकला नाही. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

टाळ्या थांबल्या तरी एक हात वर होता. कौशीचा. गुरुवारपासून ती वर्गात बोलली नव्हती.

"गुर्जी," ती उठून म्हणाली, "तिनं चोरलं हुतं तर टाकून कशापायी गेली? मंग तीच चोर, कशावरून?"

साहेबांना कौतुक वाटलं. "वा! मुलं प्रश्न विचारतात. अशीच शाळा पाहिजे. सांगा बरं, कोण देतं हिला उत्तर?"

कोणीच उठेना. कौशी तशीच उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे होते, ओगराळं धरल्यासारखे. मग नलू शांतपणे उठली आणि तिनं हात मागे बांधले.

"गुरुजी सांगतात म्हणून," ती म्हणाली.

वर्गात कोणी हसलं नाही. बावीस जण माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत ते उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला मी उभं केलं होतं, आणि नलू तर उभीच होती.

"बरोबर," मी म्हणालो. "कौशे, खाली बस."